माहेरची वाटी, सासरची वाटी

१२ जानेवारी २०२५, रायस्वाइक, हॉलंड

प्रांजलीने आज मंगळसूत्र मागितलं. घालायला नव्हे — मोडायला!

सूप पिता पिता सहज म्हणाली. लायडनला एक सोनारीण आहे, ती जोडप्यांना स्वतःच्या हाताने लग्नाच्या अंगठ्या करू देते. घरातलं जुनं सोनं वितळवून. इथे बरेच जण करतात म्हणे. योस्तच्या आजीची एक बांगडी आहे. "पण ती अगदी पातळ आहे, आई. आणि मला बाबांचं काहीतरी हवंय ना त्यात."

योस्त, म्हणजे होणारा जावई, खाली मान घालून ब्रेडला लोणी लावत बसला. भला मुलगा. मराठी कळत नाही, पण गप्प कधी बसावं ते कळतं.

"बघू," म्हटलं. माझं "बघू" म्हणजे नाही, हे पोरीला लहानपणापासून माहीत आहे.

१३ जानेवारी

डबी उघडून पाहिली. दोन वाट्या, काळे मणी. माहेरच्या वाटीला कडेला पोचा आहे — प्रांजलीला दात येत होते तेव्हा चावायची. सासरची गुळगुळीत. डोळे मिटून बोटाने सांगेन कुठली कोणती.

मिटली डबी.

१९ जानेवारी

पुण्याहून मृदुलाचा फोन. माझी धाकटी जाऊ. प्रांजलीने तिलाही सांगून टाकलंय!

"ताई, विधवेचं सोनं लेकीच्या बोटात? शोभतं का?"

"सोनं विधवा होतं का गं?"

मग ती सुबोधभावोजींच्या गुडघ्यांवर घसरली. फोन ठेवल्यावर माझंच मला हसू आलं. द्यायचं नाहीये मला, आणि भांडले मात्र लेकीच्या बाजूने.

९ फेब्रुवारी

विनयला जाऊन आज दोन वर्षं.

खीर केली. एकटीने खाल्ली. वाईट झाली नव्हती.

तो दिवस अजून तसाच आहे डोळ्यांपुढे. क्रिमेटोरियममधल्या बाईने हळू आवाजात विचारलं, आत पेटीबरोबर कोण येणार? पुण्याहून आलेले सुबोधभावोजी पुढे झाले. आमच्यात बायका जात नाहीत. मला कुणी विचारलं नाही, मीही पाऊल उचललं नाही. दार मिटलं. मग आम्हाला कॉफी दिली, केकचा एकेक तुकडा दिला. इथली रीत आहे. मी कॉफी पीत होते आणि दारापलीकडे तो होता. चव आठवते. चांगली होती कॉफी! याचाच राग येतो.

१५ फेब्रुवारी, मस्कत

आलो एकदाच्या. मी आणि प्रांजली.

लग्नाआधी विनय दोन वर्षं इथे नोकरीला होता. सासरच्या वाटीचं सोनं इथल्याच पगाराचं. दर वर्षी म्हणायचा, "तुला मस्कत दाखवतो." दाखवलीन सगळी हॉलंडची म्युझियमं. रविवार आला की डबा, थर्मास, ट्राम. तो प्रत्येक पाटी वाचायचा, मी बाकावर बसायचे. पुढे डच यायला लागलं — लायब्ररीतली लहान मुलांची पुस्तकं वाचून शिकले — तेव्हा मीही वाचायला लागले. मग भांडणं! त्याने नीट वाचलेलं नसायचं.

तिकिटं प्रांजलीने काढली. म्हणाली, "आई, बाबांची वाट बघत बसलीस तर राहूनच जाईल." पोरगी बोलायला माझ्यावर गेली आहे.

१६ फेब्रुवारी

मोठ्या राष्ट्रीय म्युझियममध्ये गेलो. दारातच घोटाळा.

तिकिटाच्या खिडकीशी गेले, पर्स उघडली आणि सवयीने म्युझियम कार्ड पुढे केलं. हॉलंडमध्ये वर्षाचं कार्ड काढलं की कुठल्याही म्युझियममध्ये शिरता येतं. ते कार्ड — मस्कतमध्ये!

"आई! इथे काय करणार ते?"

खिडकीतल्या माणसाने हसून परत केलं. दोन कार्डं. एक माझं, एक विनयचं. दोन्ही दिली होती मी. प्रांजलीने ती हळूच माझ्या पर्समध्ये ठेवली आणि तिकिटाचे पैसे भरले.

आत जहाजं पाहिली. फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, काथ्याने शिवलेल्या. शिवलेलं जहाज! उसवलं की पुन्हा शिवायचं. त्याच्यापुढे बराच वेळ उभी होते.

१७ फेब्रुवारी

निझवाचा किल्ला. खजुराची पोती एकावर एक रचायची खोली. आपल्याच वजनाने पाक गळतो आणि जमिनीतल्या पन्हळींतून वाहत येतो. तो उकळून दारावर आलेल्या शत्रूच्या डोक्यावर ओतायचे!

"केवढा पाक वाया," मी म्हटलं.

प्रांजली पायरीवर बसून हसली. डोळ्यांत पाणी येईतो. बाबा असते तर पाटी दोनदा वाचली असती म्हणाली. मग मी दुसऱ्यांदा वाचली.

१८ फेब्रुवारी

आज एका जुन्या घरातलं छोटं म्युझियम. आम्ही दोघी आणि ते दाखवणारी शम्सा. चाळिशीची, गोल चेहऱ्याची. हिंदी माझ्यापेक्षा सफाईदार. "पिक्चर देख के," म्हणाली.

आधी कॉफी. वेलदोड्याची, कान नसलेल्या इवल्याशा कपात. टाकायचं कसं म्हणून संपवली. पुन्हा ओतली. पुन्हा संपवली. पुन्हा! मी "बस, बस" म्हणतेय, ती हसतेय आणि ओततेय. शेवटी तिनेच माझं मनगट धरून कप डावी-उजवीकडे हलवून दाखवला. "खाला, ऐसे हिलाओ. नहीं तो मैं शाम तक देती रहूँगी."

काचेच्या कपाटात नवरीची चांदी होती. गळ्यातलं, कपाळावरचं, मनगटाएवढे जाड वाळे. सुरेख काम.

"ये किसका था?"

"पता नहीं, खाला. किसी ने बेचा होगा. बाज़ार से आया है."

मग तिने बाही सारून हात पुढे केला. साधं कडं. तिच्या घरात म्हणे बाई गेली की तिची चांदी गाळायची आणि घरच्या नवरीला नवं घडवायचं. हे तिच्या आजीच्या चांदीचं.

"और उसका डिज़ाइन?"

"वो तो गया." तिने कडं फिरवलं. "लेकिन मैं बर्तन माँजती हूँ तो दादी बजती है."

प्रांजली माझ्याकडे पाहत होती. मी कपाटाकडे. आत एवढं सगळं शाबूत, पॉलिश केलेलं, वर दिवे लावलेले. आणि कुणाचं ते कुणालाच माहीत नाही.

१९ फेब्रुवारी

मुलीला सांगितलं, समुद्राकाठी बसून. मृदुला म्हणते तसलं काही माझ्या मनात नाही. मला आगीची भीती आहे. आगीत गेलं की संपतं. एकदा पाहिलंय.

"पाहिलंस कुठे, आई?" ती म्हणाली. "तू तर बाहेर होतीस. माझ्याजवळ."

खरंच की.

२ मार्च, रायस्वाइक

प्रांजलीचा फोन. योस्त आणि ती बाजारातून सोनं घेणार. "तू टेन्शन घेऊ नकोस. डबी राहू दे तुझ्याकडे."

म्हटलं, शनिवारी किती वाजता जायचं लायडनला?

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज.

७ मार्च

काळे मणी सोडवून काढले. ते माझ्याकडे राहतील. वाट्या मऊ कपड्याने पुसल्या. पोच्यावर अंगठा फिरवला.

८ मार्च

आधी वाट्यांतली लाख जाळली. धूर, करपट गोड वास. मग त्या मुशीत ठेवून सोनारणीने गॅसच्या नळीची ज्योत प्रांजलीच्या हातात दिली. पोरीने ती मुशीजवळ नेली आणि मागे घेतली. "नाही जमत मला. आई, थांबू या. राहू दे."

सोनारीण समजूतदार. म्हणाली, घाई नाही, हवं तर आधी बाहेर बसून कॉफी घेऊ.

"कॉफी नंतर," मी म्हटलं. "दे इकडे."

ज्योत मी धरली. शेवटपर्यंत पाहिलं. दोन्ही लाल झाल्या, कडा सुटल्या, एकमेकींत गेल्या. माहेरची कुठली, सासरची कुठली — आता मलाही सांगता येणार नाही.