आत्यांना जवळ माणूस हवं

३ जून
आले बाई एकदाची. खोली वाटलं होतं त्याहून छान निघाली. खालच्या मजल्यावर, दोन खिडक्या, लिहायला ऐसपैस टेबल. बँकेतून निवृत्त झाल्यावर घरात नुसत्या येरझारा घालत होते. त्यामुळे वकीलसाहेबांनी ट्रस्टचं काम बघाल का विचारलं, तेव्हा आढेवेढे न घेता हो म्हटलं. काम सरळ आहे, फक्त राहायचं इथेच. या घरच्या वडिलांनी जाताना घर आणि त्याचं उत्पन्न ट्रस्टमध्ये ठेवलं. त्यांची बहीण जिवंत आहे तोवर तिची नीट सोय बघायची, तिच्यामागे सगळं त्यांच्या दोन मुलांना. म्हणजे वर आत्या, खाली वाट बघणारी भाचरं, आणि मध्ये विश्वस्त म्हणून मी. लेकीला फोन करून म्हटलं, तुझ्या आईला फुकटात बंगला मिळालाय. हसत होती.

४ जून
भाचरं कसली, दोघंही साठीला टेकलेली. थोरल्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्यांनी मला बसासुद्धा म्हटलं नाही. धाकटी बहीण, जिला सगळे ताई म्हणतात, ती आपटून का होईना, चहाचा कप पुढे ठेवते. आत्यांना भेटायचंय म्हटलं, तर थोरले म्हणाले, त्या गेल्या असं समजा, तशी सही करा आणि आल्या वाटेने परत जा. मी दाखला मागितला. नाही म्हणाले. मग माझी सहीही नाही.

७ जून
सकाळपासून माझ्या नळाला पाणी नाही. कॉक वरून बंद केलाय. विचारलं तर ताई म्हणते, पाहुण्याने दोन दिवस राहावं, मुरू नये. मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही. दुपारी दोघं बाहेर गेल्यावर वर गेले. टोकाच्या खोलीला बाहेरून कड्या, वर कुलूप. टकटक केलं. आतून इतका गोड आवाज आला. कोण गं, नवीन आलीस का? किती दिवसांत जवळ कोणी बसलं नाही म्हणाल्या. रागाने माझे कान तापले. जिवंत बाईला कोंडायचं आणि तिच्या मरणावर माझी सही मागायची. माणसं आहेत की कसाई?

९ जून
कडाक्याचं भांडण. म्हटलं, दार उघडा, नाहीतर पोलीस आणते. थोरले एकदम हात जोडून म्हणाले, आम्हाला घर नको, त्यातली वीटही नको, पण दार उघडू नका. मला हसू आलं. घर नको म्हणणारा वारस मी बँकेत एवढी वर्षं काढून एकही पाहिला नाही. ताई म्हणाली, आधीच्या विश्वस्ताला बघून या, मग बोला. मी म्हटलं, धमक्या वकिलांना द्या.

१० जून
कुलूपवाल्याला घेऊन वर गेले. थोरले जिन्यात बसून होते, अडवलं नाही. आत्या खिडकीशी बसलेल्या. नव्वदीची म्हातारी असेल वाटलं होतं, या जेमतेम पन्नाशीच्या दिसतात. उन्हात न गेल्याने कांती टिकली असेल. दोन्ही हातांत माझा हात घेऊन बसल्या. जेवण नको, म्हणाल्या, जवळ माणूस हवं. बस, एवढंच मागणं त्या बिचारीचं.
अंग मोडून आलंय. लवकर पडते.

१४ जून
रोज हात धरून बसते. आत्या आता घरभर फिरतात, मी जाईन तिथे मागे. केस काळेभोर झालेत. आज ताईने मला पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. आरशात बघितलं. माझे सगळे केस पांढरे. पाव चावताना दाढ निघून हातात आली.

१५ जून
आधीच्या विश्वस्ताकडे गेले. जिन्यात दोनदा टेकावं लागलं. दार उघडणाऱ्या बाई साठीच्या. आत खाटेवर एक म्हातारे, तोंडाचं बोळकं झालेलं. हे तुमचे वडील का, विचारलं. बाई म्हणाल्या, मुलगा आहे माझा.
त्याने माझा आवाज ओळखला, मॅडम म्हणाला. तेव्हा मीही त्याला ओळखलं. आमच्याच शाखेत कॅशला होता. तरणाताठा पोरगा. रडत होता. म्हणाला, पुढच्याचं नाव लिहून दिलं तरच ती सोडते, आणि मला तेव्हा तुमच्याशिवाय कोणीच आठवलं नाही. तो सुटला त्याच दिवशी भाचरांनी तिला कोंडली.

१६ जून
वकिलांना फोन केला. राजीनामा चालेल म्हणाले, नियम तोच, पुढचं नाव तुम्ही द्या.
कोणाचं देऊ?
थोरल्यांना सांगितलं, मला आत घालून दार लावा. मी आत तरच ती आत. नाव न देता मी मेले, तर तिलाही माणूस उरणार नाही. त्यांनी मला दादासारखं जवळ घेतलं.

१७ जून
लावलं दार. ताई बाहेर रडतेय. आत्या हसतायत. त्यांना कळलं नाही अजून —

१८ जून
कळलं.
फोन वाजतोय. लेक असेल. उचलायला उठवत नाही. आत्या आता तिच्याहूनही लहान दिसतात. विचारतात, पोरगी केवढी झाली गं —

१९
हात सोडत नाहीत. बोटं कोवळी, मऊ. लिही म्हणतात, नुसतं नाव. नाही लिहिणार. मेले तरी नाही लिहि — हात माझा ऐकत — नाही
माझ्यानंतर विश्वस्त म्हणून मी माझी एकुलती एक मुलगी