तुतीचं शिकरण

माय, काल उदगीरहून डबा आला. एसटीच्या ड्रायव्हरजवळ दिलेला, वर ओलं फडकं बांधलेलं. आत तुती, भरून सव्वा किलो. तिला मोल नाही, आपल्या धाकट्याच्या बांधावरची आहे. ड्रायव्हरला चहाला वीस रुपये दिले, तो नको नको म्हणत होता. इथं नांदेडात दूध दोन लिटर घेतलं, एकशे तीस. फालसे पाव किलो, साठ, सरबतापुरते. पाण्यासाठी मातीचा करा पन्नासला, मागच्या साली चाळीसला होता. आणि सूनबाई विष्णुपुरीला कॉलेजात शिकवते, तिनं येताना स्ट्रॉबेरीची डबी आणली, शंभराची, वरची फळं लाल आणि खालची मऊ पडलेली. तू स्ट्रॉबेरी कधी पाहिली नाहीस. दिसायला लई गोजिरी असते. चवीचं मी सांगू शकत नाही, ते पुढं येईलच.

आज अकिती, पंचांगातली अक्षय्य तृतीया. पितरांना पाणी आणि वाडी, म्हणजे त्यांच्या नावाचं पान, द्यायचा दिवस. धाकट्याचा चार दिवसांपूर्वी फोन आला होता, "अक्का, मायला तुतीचं शिकरण आवडायचं. औंदा अकितीला कर, फळ मी धाडतो." तो रेशमाचे किडे पाळतो आता, त्यांच्या पाल्यासाठी दोन एकर तुती लावली आहे. सारखी छाटणी चालते म्हणून त्या झाडांना फळ धरत नाही, पण बांधावरची चार झाडं त्यानं तुझ्या नावानं सोडली, असं म्हणाला. मी हो म्हणाले आणि फोन ठेवला. तू जाऊन अठरा वर्षं झाली. ह्या अठरा वर्षांत पुरण केलं, खीर केली, आंबरस केला, पण तुतीचं शिकरण एकदाही केलं नाही. ते का, हे तुला आणि मलाच माहीत.

शिकरण म्हणजे कसबाचं काम नाही, हे खरं. तुती धुवायची, देठ काढायचे, साखर घालून हातानं कुस्करायची, झाकून ठेवायची. साखरेचं पाणी सुटलं की वेलदोडा, आणि अगदी शेवटी थंडगार दूध. चूल नाही, गॅस नाही. उन्हाळ्यात ह्याच्याएवढं सोपं गोड दुसरं नसेल. पण तुती दोन झाडांची एक नसते, एका झाडाचीसुद्धा सकाळची आणि दुपारची एक नसते. आंबट निघाली आणि साखर कमी पडली तर दूध फाटलंच. आणि नैवेद्याचं तर चाखायचं नाही. मग अंदाज कशावर घ्यायचा? तू वासावर घ्यायचीस. तेही भांड्याला नाक लावून नाही. "हुंगायचं न्हाई, आपसूक येईल तेवढाच घ्यायचा," म्हणत तू पातेलं हातात धरून खिडकीपाशी उभी राहायचीस, वाऱ्याची झुळूक आली की डोळे मिटायचीस आणि म्हणायचीस, "अजून एक मूठ." पिकल्या तुतीला गुळाच्या ढेपेसारखा वास येतो आणि कच्चीला ओल्या पाल्याचा, हे मला तू सांगितलंस तेव्हा मी दहा वर्षांची होते.

त्याच वर्षीची गोष्ट. उदगीरला भाड्याच्या दोन खोल्या, मागं घरमालकाचं तुतीचं झाड. तोडायची मुभा नाही, पडलेली वेचायची मुभा. आपण जुनं लुगडं झाडाखाली अंथरायचो. तू पाणी आणायला आडावर गेलीस आणि मी पातेल्यात बोट घातलं. एकच बोट. तू आलीस, घागर ठेवलीस आणि माझ्याकडं न बघताच म्हणालीस, "जीभ दाखव." मी तोंड मिटून घेतलं. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हणाले, "देव काय जीभ बघतो का?" तू म्हणालीस, "देव न्हाई बघत. मी बघते." जीभ जांभळी होती. अण्णा तेवढ्यात अडतीवरून जेवायला आले होते, ते हसून म्हणाले, "जाऊ दे गं, लेकरू हाय." तू म्हणालीस, "लेकरू हाय म्हणूनच." उरलेल्या मूठभर तुतीचं तू दुसऱ्या वाटीत नवं केलंस, नैवेद्य दाखवलास, सगळ्यांना चमचा चमचा वाढलंस. आणि माझ्यापुढं ते अख्खं पातेलं ठेवलंस. "आता हे तुझं. गुमान खा." धाकटा समोर बसून बघत होता, त्याच्या तोंडाला पाणी सुटलेलं. मी खाल्लं सगळं. गोड होतं, माय. एवढं गोड मी पुन्हा खाल्लं नाही आणि एवढं रडतही कधी खाल्लं नाही. नंतर वर्षभर धाकटा मला उष्टी म्हणायचा.

पण मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशीचंही मला आठवतं. अण्णांनी पेढे आणले. तू काही आणलं नाहीस. तू स्वयंपाकघरातून बाहेर आलीस, उंबऱ्यावर बसलीस आणि म्हणालीस, "आजपासून नैवेद्य तुझा. मी बघायला येणार न्हाई." आणि खरंच आली नाहीस. मी आत एकटी, हातात पळी, आणि तू बाहेर तांदूळ निवडत बसलेली. मला शाळेनं दिलेल्या कागदापेक्षा ते मोठं वाटलं, आजही वाटतं. लग्न होऊन नांदेडला आले ती हीच शिदोरी घेऊन. सासरी कुणी म्हणालं, अगं मीठ बघ जरा, तर मी म्हणायची, आमच्याकडं बघत नाहीत. थोडा तोराच होता माझा. चाळीस वर्षं मी न चाखता रांधलं आणि फारसं चुकलं नाही.

आता चुकतं. साथीच्या दुसऱ्या वर्षी मला ताप आला, ताप गेला, वास गेला तो आलाच नाही. एकदा दूध करपून पातेलं काळं झालं आणि मी बाजूला बसून जप करत होते. सूनबाई धावत आली. डॉक्टर म्हणाले येईल हळूहळू. तीन उन्हाळे म्हणून झाले, आता मी विचारत नाही. जिभेला गोड, आंबट, खारट एवढं कळतं, बाकी सगळं कागद चावल्यासारखं. पुरणाला, खिरीला माप आहे, वाटीनं मोजून घालते, निभतं. तुतीला माप नाही.

म्हणून आज सकाळपासून जीव टांगणीला. सूनबाईची सुट्टी होती. ती म्हणाली, "आई, मी चाखून सांगते ना. पाप लागलं तर माझ्या नावावर टाका." मी म्हणाले, नको. ती म्हणाली, "मग स्ट्रॉबेरीचं करा, ती गोड आहे, दुकानदार सांगत होता." हे आतून पेपर वाचत म्हणाले, "होऊ दे आंबट. पितर पुढच्या साली यायचे नाहीत, तेवढंच दूध वाचेल." मला हसू आलं आणि रागही आला. त्यांना काय सांगणार? मला सगळ्या पितरांची फिकीर नव्हती. मला तुझ्या एका वाटीची होती.

माय, आता ते लिहिते. तुला इलाजासाठी नांदेडला आणलं आणि दवाखान्यानं घरी न्यायला सांगितलं, तेव्हा हेच दिवस होते. धाकट्यानं तेव्हाही कुठून तरी तुती आणली होती. आठ दिवस तुझ्या पोटात पेजेपलीकडं काही नव्हतं. मी स्वयंपाकघरात कुस्करत होते, तुझी खाट बाहेरच्या खोलीत, दाराशी. वास तुझ्यापर्यंत आला असणार. साडेनऊच्या सुमाराला तू हाक मारलीस. मी आले तर म्हणालीस, "जिभेला लाव जरासं." आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "नैवेद्य व्हायचाय, माय. जरा दम धर." तू माझ्याकडं बघितलंस. म्हणालीस, "व्हय. बरोबर हाय." एवढंच. मग ह्यांची आंघोळ उशिरा झाली, पूजा लांबली, आरती झाली, साडेबाराला मी वाटी घेऊन आले. तुझा डोळा लागला होता. उठलीस तेव्हा चमचा पुढं केला तर मान हलवलीस. "नको आता." तिसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस. लोक म्हणाले, पुण्यवान बाई, शेवटपर्यंत नेम सोडला नाही. मी कुणाला काही बोलले नाही. धाकट्यालाही नाही. तू रागावली असतीस, एक शब्द टाकून बोलली असतीस, तर मला सोपं गेलं असतं. तू बरोबर हाय म्हणालीस आणि माझं तोंड कायमचं बंद केलंस.

देवाला दोष देत नाही. रोज दिवा लावते, एकादशी धरते, नेम मोडावा असं मला कधी वाटलं नाही. पण तुझ्या त्या तीन तासांचा जाब मी त्याच्यापाशी मागते, आणि मग आठवतं, त्यानं काही सांगितलंच नव्हतं. सांगितलं मी.

आज अकराला हे कळशी घेऊन गच्चीवरची जागा धुवायला गेले, सूनबाई फोनवर होती. मी एकटी. तुती कुस्करून झाली होती, हात कोपरापर्यंत जांभळे. तुझ्यासारखी पातेलं घेऊन खिडकीशी उभी राहिले. बाहेरून वैशाखाची झळ येत होती. डोळे मिटले. काही नाही, माय. गूळ नाही, पाला नाही, काहीच नाही. दूध फ्रिजमध्ये वाट बघत होतं. मग ओट्यावरचा चमचा घेतला, पातेल्यात घातला आणि तोंडात टाकला.

आंबट होती. फाटलंच असतं दूध. मी दोन मुठी साखर घातली, आतल्या लाल, कच्च्या तेवढ्या वेचून काढल्या, पंधरा मिनिटं झाकून ठेवलं, पुन्हा ढवळलं आणि मग दूध. फाटलं नाही. देवाच्या पानात मी ते वाढलंच नाही. त्याला पुरणपोळी, आमटी, भात, सगळं न चाखलेलं, तू शिकवलंस तसं चोख. शिकरण फक्त तुझ्या वाडीत. आणि त्याची आरती व्हायच्या आधी, हे सोवळं नेसत होते तेव्हाच, मी तुझी वाटी घेऊन गच्चीवर गेले आणि करा भरून त्याच्या शेजारी ठेवून आले. ह्यांनी विचारलं, "आधी देवाचं नाही का?" मी म्हणाले, "आज नाही." ते सोवळं सावरत देवघरात गेले. माझा आवाज त्यांना वेगळा लागला असावा.

दुपारी सगळे जेवले. सूनबाईनं दोनदा मागून घेतलं आणि म्हणाली, "आई, न चाखता एवढं बरोबर कसं येतं तुम्हाला?" मी तिच्या वाटीत आणखी एक पळी घातली. तिला सांगेन, पण आधी तुला सांगायला हवं होतं. म्हणून जेवणं आटोपल्यावर ही वहीची पानं घेऊन बसले. ही कुठं टाकायची नाहीत हे मला कळतं. उदगीरच्या त्या खोल्यांत आता दुसरंच बिऱ्हाड आहे, आणि तू जिथं आहेस तिथला पत्ता कुणाजवळ नाही. तरी पाकीट घेतलं आहे, वर नुसतं माय लिहिलं आहे.

एक राहिलं. अंदाज घ्यायला एक चमचा पुरे होता. साखर घातल्यावर दुसरा घेतला, तोही समज अंदाजाचाच. तिसरा मात्र मी उभ्या उभ्या, डोळे मिटून, नुसता आवडला म्हणून खाल्ला, तुझी वाटी अजून भरायची होती तेव्हा. चुकलं असेल तर तसं कळव, नसेल तर तसं कळव. पण बरोबर हाय एवढंच लिहून मोकळी होऊ नकोस. नीट, चार ओळी, उलट टपाली.