भरतीचं पाणी आणि ताईची अट

डहाणू
९ जानेवारी २०१७

तीर्थस्वरूप ताईस,
धाकट्या एकनाथाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी तुझं बोलणं मधेच तोडतो, असा तुझा आरोप आहे. तो खरा आहे. म्हणून तुझ्या हुकमाप्रमाणे हे पत्र.

परेश रतलामला बदलीच्या जागी हजर झाला. निलम आणि सामानही पोचलं. मुलगा-सून गेले, मागे राहिली ती त्याची माशांची टाकी. चार फूट लांब काच, आत समुद्राचं पाणी, दगड आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे. ती समोरच्या खोलीत खिडकीला लागून आहे. तिच्याखाली कपाटात आणखी एक छोटी टाकी. वरचं पाणी खाली येतं, गाळलं जातं आणि मोटर ते पाइपातून पुन्हा वर चढवते.

तुझ्यासमोर ठरलं ते मी विसरलेलो नाही. महालक्ष्मीच्या यात्रेपर्यंत मी घर, स्वतःला आणि हे मासे एकट्याने नीट सांभाळले, तर मी डहाणूतच राहायचं. नाही जमलं, तर यापुढे ताईबरोबर राहायचं. निर्मला गेल्यापासून दोन वर्षं तू हेच म्हणते आहेस. पण अडतीस वर्षं रेल्वेचे सिग्नल सांभाळलेल्या माणसाला दोन मासे जड जाणार नाहीत. मला माझ्या घरातून हलायचं नाही, हे आत्ताच स्पष्ट लिहितो.

कटकट एकच. टाकीतलं पाणी चार दिवसांत दोन बोटं उतरतं. परेशने ठेवलेल्या कागदावर लिहिलंय, पाणी कमी झालं की भरावं. समुद्र दहा मिनिटांवर. भरती असली की स्कूटरवर दोन कॅन घेऊन जातो, आणलेलं पाणी पंचातून गाळतो आणि ओततो. मुंबईचे लोक म्हणे पुड्यातलं मीठ कालवून समुद्र तयार करतात. त्यांची कीव येते.

लोभ आहेच. त्यात उपदेशाची भर घालू नये.
तुझा
एकनाथ

तलासरी
१७ जानेवारी २०१७

चि. एकनाथास,
मनोरमाचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. सगळं माशांबद्दल. स्वतः काय जेवतोस, त्याबद्दल एक ओळ नाही. रात्री वरणभात होतो की चहात पाव बुडवून भागवतोस, ते पुढच्या पत्रात लिही. लहानपणी आपली शेळी तू सांभाळायचास, म्हणजे काय तर तिला बांधून विटीदांडू खेळायला जायचास. पाणी मी पाजायचे. दोन मासे त्या शेळीपेक्षा नशीबवान निघोत.

भोक नसताना पाणी उतरतं कसं, ते आधी बघ. काचेचा सांधा असेल.

इकडे सर्व ठीक. वरच्या मजल्यावरचं शिक्षक जोडपं डिसेंबरात बदलून गेलं. जिना आता शांत असतो, बरंच झालं. मागच्या खोलीला चुना दिला, खिडकीला जाळी बसवली आणि कॉट दोन दिवस उन्हात टाकली. कुणासाठी, ते लिहायला नको.

पत्राला उशीर करू नये, केल्यास कारण खरं द्यावं.
तुझी
ताई

डहाणू
८ फेब्रुवारी २०१७

तीर्थस्वरूप ताईस,
एकनाथाचा शि. सा. न.

वरणभात होतो. पावही होतो.

सांधे तपासले. प्रत्येक सांध्यावर खडूने खूण केली, खाली वर्तमानपत्रं अंथरली, तीन दिवस ठेवली. कोरडी ठणठणीत. गळती नाही, तरी पाणी जातंच आहे, आणि आता पूर्वीपेक्षा जास्त. काचेच्या कडेला पांढरा थर धरलाय. आपली रूपी, म्हणजे झाडूपोछा करायला येते ती, मूळची सायवनची आहे. तिने बोटाने थोडा चाखला आणि मीठ आहे म्हणाली. मी तिला सांगितलं, समुद्राच्या टाकीला मीठ नाही तर काय साखर येणार.

पण खरं कारण देण्याची तुझी अट आहे, म्हणून लिहितो. मासे बरे नाहीत. दोघंही मोटरच्या पाइपामागे कोपऱ्यात बसून राहतात. खाणं टाकलं तर बघतात आणि तोंड फिरवतात. थंडीने गारठले असतील म्हणून खिडकीचा पडदा काढला. आता सकाळभर ऊन थेट टाकीवर येतं. दुपारी पंखा सुरू असतो, कारण मी तिथेच खाली आडवा होतो. परेशने खारेपणा मोजायची एक डबी ठेवली आहे. तिच्यातला काटा हिरव्या पट्ट्याच्या पार वर गेलाय. अडकला असेल म्हणून टिचक्या मारल्या, तरी तो खाली येत नाही.

परेशला कळवलेलं नाही. कळवलं तर तो पहिलं वाक्य म्हणेल, बाबा, आत्याकडे जा. तूही सांगू नकोस. एवढी एक मेहेरबानी कर.

लोभ थोडा वाढवला तरी चालेल.
एकनाथ

तलासरी
१२ फेब्रुवारी २०१७

चि. एकनाथास, आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि गॅसवरची आमटी उतरवून लगेच लिहायला बसले. त्या आमटीवरूनच सांगते. आमटी गॅसवर राहिली, आटली, की खारट लागते. तेव्हा आपण तिच्यात काय घालतो? साधं पाणी. तू महिनाभर मिठाचं पाणी घालतो आहेस. ऊन आणि पंखा टाकीतलं नुसतं पाणी उडवून नेतात, मीठ मागेच राहतं. त्याच्यावर तू कॅन भरभरून आणखी मीठ आणून ओतलंस. तुझा काटा अडकलेला नाही, तो बिचारा महिनाभर ओरडतो आहे. आणि रूपीला सगळं कळलं होतं, तिची माफी माग.

मी चौतीस वर्षं पाचवीला बाष्पीभवन शिकवलं. समुद्राचं पाणी उन्हात ठेवलं की मिठागर होतं, हे डहाणूच्या माणसाला तलासरीहून लिहून कळवावं लागतं.

आता घाबरून एकदम गोडं पाणी ओतू नकोस. माशांना झटका बसेल. पिण्याच्या फिल्टरचं पाणी घे, बोअरचं नको. सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक तांब्या. वर जागा राहिली नाही तर थोडं खारं काढून मग घाल. रोज काटा बघ. पडदा पुन्हा लाव, पंखा टाकीकडे नको. परेशला सांगणार नाही. पण यात्रा दोन महिन्यांवर आली आहे, हेही विसरू नकोस.

बुद्धी शाबूत ठेवावी, प्रकृतीही.
तुझी
ताई

डहाणू
११ मार्च २०१७

तीर्थस्वरूप ताईस,
शि. सा. न. या वेळी डाव्या हाताने, म्हणून अक्षर असं.

आधी चांगलं सांगतो. रूपीची माफी मागितली. ती एवढी हसली की पोछा हातातून पडला. तुझ्या तांब्याने काम केलं. पंधरा दिवसांत काटा हिरव्यात आला आणि अठराव्या दिवशी मोठा मासा पाइपामागून बाहेर आला. मग धाकटाही. आता खाणं टाकायला उशीर झाला तर दोघं काचेला तोंड लावून माझ्याकडे बघतात. मला फार आनंद झाला ताई. निर्मला गेल्यावर घरात कुणी माझी वाट बघतंय असं पहिल्यांदा वाटलं.

त्या आनंदात डोकं जास्त चालवलं. वर चढणाऱ्या पाइपाचं तोंड पाण्याच्या वर होतं, त्यामुळे शिंतोडे उडायचे. मला वाटलं, इथूनही पाणी वाया जातं. म्हणून पाइप तळापर्यंत खोल घातला. आवाज बंद, शिंतोडे बंद. शिवाय रोजचा तांब्या वाचावा म्हणून खालची टाकी काठोकाठ भरून ठेवली. मंगळवारी सकाळी लाईट गेली. मोटर थांबली आणि वरचं पाणी त्याच पाइपातून उलटं खाली यायला लागलं. तोंड तळाशी, त्यामुळे थांबायचं नाव नाही. खालची टाकी आधीच भरलेली. सगळं पाणी समोरच्या खोलीत आलं. विजेचा बोर्ड मी जमिनीवरच ठेवला होता.

मी बोर्ड उचलायला धावलो. रूपी ओरडली, हात लावू नका, लाईट कधीही परत येईल, आधी मेन स्विच पाडा. मेन स्विच तिनेच पाडला. मी घसरलो. उजवं मनगट मुरगळलं आहे, मोडलेलं नाही. पाइप उपसून वर ओढला, तोंड पाण्याच्या वर आलं आणि धार थांबली. वर वीतभर पाणी उरलं होतं, मासे त्यात आडवेतिडवे पोहत होते, पण जिवंत. समुद्राचं पाणी मागवून चार दिवसांत टाकी पूर्वीसारखी केली. पाइपाचं तोंड आता पाण्याच्या जेमतेम बोटभर खाली असतं, म्हणजे लाईट गेली तरी बोटभरच पाणी उतरतं. खालच्या टाकीत तेवढी जागा रिकामी ठेवतो. बोर्ड भिंतीवर उंच लावला. वायरी बोर्डाच्या खालपर्यंत झोळीसारख्या सोडून मग वर नेल्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब बोर्डात न जाता खाली पडतो.

सिग्नलची तार तुटली तर सिग्नल आपोआप लाल व्हावा, अशी आमची रचना असायची. बिघाड झाला तर काय, हा प्रश्न पहिला. नोकरीत तो रोज विचारला आणि घरात एकदाही नाही. बोर्ड भिजलेला होता, रूपी नसती तर काय झालं असतं ते लिहवत नाही. तेव्हा ताई, अट मी हरलो. मला एकट्याने जमलं नाही. तू यात्रेला येशील तेव्हा माझी बॅग भरलेली असेल. माशांसाठी वाणगावला एक घर बघितलं आहे.

राग आवरून आशीर्वाद द्यावा.
एकनाथ

तलासरी
१६ मार्च २०१७

चि. एकनाथास,

मनगटाला लेप लाव आणि जड उचलू नकोस. रूपीला माझ्याकडून एक साडी घे, रंग तिलाच निवडू दे.

तू हरलास, तर मला आनंद व्हायला हवा होता. दोन दिवस मी तुझं पत्र उशाशी ठेवलं. त्यात तू खाणं घालायला उशीर झाला की मासे वाट बघतात असं लिहिलंस, ते वाचून मला पुढचं वाचवेना. एकनाथ, तुला सांभाळायला म्हणून मी तुला बोलवत नव्हते. वरचं जोडपं गेल्यापासून या घरात दिवसभर कुणाचा आवाज नाही. मी रेडिओतल्या बाईला उत्तरं देते. परवा शाळेच्या सुट्टीची घंटा ऐकून दारात जाऊन उभी राहिले, आपलं कुणी येणार नाही हे माहीत असूनही. मला सोबत हवी होती. पण थोरल्या बहिणीने धाकट्याकडे असं मागायचं कसं? म्हणून तुझ्यावर अट घातली. तू अडखळावंस असं मी मनात धरलं होतं, आणि तू अडखळलास तो जिवावर बेतेल असा. मला क्षमा कर.

अट मी मागे घेते. तू तुझ्या घरात राहा. मासे कुणाला देऊ नकोस.
ताई

डहाणू
२२ मार्च २०१७

तीर्थस्वरूप ताईस,
शि. सा. न. मनगट बरं आहे.

अट मागे घेता येणार नाही. हरलो ते हरलो. ठरलं होतं, यापुढे ताईबरोबर राहायचं. कुठल्या घरात, ते ठरलेलं नव्हतं. मी परेशला फोन करून सगळं खरं सांगितलं. टाकी तलासरीला नेता येईल का, तेही विचारलं. तो म्हणाला, एवढा प्रवास या माशांना सोसणार नाही. तुला सोसेल, बसने तासभर लागतो.

उपकार म्हणून बोलवत नाही. टाकीजवळ रोज कुणीतरी लागतं, ते मला एकट्याने जमत नाही, हे तू लाल शाईने अधोरेखित करावंस इतकं सिद्ध झालं आहे. आतली खोली तुझी. तलासरीचं घर विकू नकोस, कुलूप लाव. माझ्याशी भांडलीस की तिकडे जा, राग गेला की परत ये. मला तुझी गरज आहे ताई. हे मला दोन वर्षांपूर्वीच बोलता आलं असतं.

येण्याचा लोभ करावा.
एकनाथ

(पोस्टकार्ड)
तलासरी
३ एप्रिल २०१७

एकनाथा,

कार्ड पोस्टमनने वाचलं तरी चालेल. हनुमान जयंतीला यात्रा सुरू होते, तेव्हा विवळवेढ्याला महालक्ष्मीचं दर्शन घेऊन चारोटीहून डहाणूची गाडी धरते. परतीचं काही ठरवलेलं नाही. सामान तीन पिशव्या आणि पाटा-वरवंटा, तेव्हा स्टँडवर रिक्षा घेऊन ये. स्कूटर आणलीस तर तिथेच ओरडेन.

आशीर्वाद लिहीत नाही. आता रोज सकाळी समोर वाकून घ्यायचे.
ताई