आईचा पुसलेला चेहरा

प्रिय चिमे,

आईला जाऊन महिना होत आला. ती अशी एकाएकी कशी गेली, असं तू दोनदा विचारलंस. एकाएकी गेली नाही. वर्षभर माझ्या पार्लरच्या खुर्चीत बसून ती जात होती आणि मी तिला सजवत होते.

सुरुवात खाजेपासून झाली. पोटऱ्या खाजवून लाल करायची. मी म्हटलं, वय झालं की कातडी कोरडी पडायचीच, आणि रोज तेल चोळलं. मग चेहरा मातकट, पिवळा दिसायला लागला. दुसरं कुणी घाबरलं असतं. मी वीस वर्षं हाच धंदा करतेय. पिवळ्यावर किंचित जांभळट क्रीम लावलं की पिवळेपणा मरतो, एवढंच मला सुचलं. हातावर काळेनिळे डाग उठायचे, तेही झाकले. आई आरशात बघून म्हणायची, बाई, तुझ्या हाताला यश आहे. तुझ्या लेकीच्या लग्नात बायकांनी आईला तुझी थोरली बहीण समजलं. तू मला कोपऱ्यात ओढून म्हणालीस, तायडे, आमच्यावरही जरा मेहरबानी कर की. आपण पोट धरून हसलो. त्या दिवशी तिचे पाय सुजले होते. चपलेचा पट्टा मीच सैल करून दिला होता.

शेवटी तिला दवाखान्यात न्यावं लागलं, तिथे नर्सने ओल्या कापसाने तिचं तोंड पुसलं. खालून जो चेहरा निघाला तो फक्त मला ओळखीचा होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूत्रपिंडं कधीची निकामी होत आली असणार, कातडी ओरडून सांगत असेल, घरात कुणालाच कसं दिसलं नाही? मग मला विचारलं, तुम्ही काय करता? मी म्हटलं, शिवणकाम.

हे तुला कधीच सांगणार नव्हते. पण परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, हल्ली पायांना फार खाज सुटते, तोंडही उतरलंय, वयाचंच असेल, काय लावू ते सांग. चिमे, आईचा आजार आईकडून लेकीकडे उतरू शकतो. माझी तपासणी झाली, मला नाही. तुला लावायला मी काहीही सांगणार नाही. उद्या सकाळी कोऱ्या तोंडाने जा आणि रक्त-लघवी तपासून घे. माझ्यावर चिडायचं ते रिपोर्ट आल्यावर चीड.

अजूनही तुझीच म्हणवणारी,
तायडी