ओटीची भिंत आधी भिजव

डँडेनॉन्ग, मेलबर्न
रविवार, २१ ऑक्टोबर १९८४

प्रिय मानवेल यास,
थोरल्या जेकबचा आशीर्वाद.

उत्तराला चार महिने लावले, त्याबद्दल माफ कर. तुझं पत्र जूनमध्येच मिळालं होतं. अठरा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं आणि पाकीट फोडायलाच दोन दिवस गेले. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. हात ब्रशला सरावलेला, पेनला नाही. पण उशिराचं खरं कारण ते नाही. ते पुढे येईल.

देवबापाच्या कृपेने इथे सगळे सुखरूप आहेत. लेक फिलोमिना हॉस्पिटलात शिफ्टला जाते, जेम्स जावई कारखान्यात सुपरवायझर झाला. नात ज्युलियानाशी मी मराठीत बोलतो, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते, आणि आमचं छान जमतं. तुझा गुडघा कसा आहे? वसईत पाऊस थांबला का? आपली विहीर झाकलेली असते ना? मला उगाच काळजी लागते.

तू लिहिलंस की नाताळ झाल्यावर जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायचं, माझ्या हिश्शासाठी सही हवी. सही या पाकिटातच आहे. मी अट घालतोय असं तुला वाटू नये म्हणून आधी सही केली, मग पत्राला बसलो. एकच सांगणं आहे. माझ्या ओटीची भिंत लगेच पाडू नकोस. का, ते सांगायला मला जरा लांबून यावं लागेल.

फिलोमिनाने लायब्ररीतून एक कागद आणला होता. शहरातल्या चायना टाउनमध्ये भिंतींवर मोठमोठी चित्रं काढलीत, त्यांचा नकाशा. बरोबर कुणी माणूस नसतो. कागदावरचे नंबर बघत आपलं आपण फिरायचं. ती म्हणाली, “पप्पा, दिवसभर गॅस बंद आहे का ते बघत बसता. जा की एकदा. आर्वोला परत या, नो वरीज.”

आर्वो म्हणजे इथली दुपार. नो वरीज म्हणायला तिचं काय जातं! शुक्रवारी निघालो. घराचा पत्ता लिहिलेल्या दोन चिठ्ठ्या घेतल्या, एक खिशात, एक टोपीत. ट्रेनने तासभर. तिकीट आहे ना, हे किती वेळा पाहिलं ते सांगत नाही.

पण पहिल्या भिंतीसमोर उभा राहिलो आणि भीती गेली. भिंत मला कळते, मानवेल. गल्ली जुनी, विटांची, दुकानांच्या काचेत भाजलेली बदकं टांगलेली. हे चिनी लोक सव्वाशे वर्षांपूर्वी सोनं शोधायला आले आणि इथलेच झाले. एक नंबरला ड्रॅगन होता. कुणीतरी हिरव्यात टर्पेंटाइन जास्त ओतलं होतं, दोन उन्हाळ्यांत उडणार. दोन नंबरचं जहाज पक्कं, अस्तर नीट दिलेलं. तीन नंबरच्या मुलीचे डोळे तू रंगवले असतेस तर बरे झाले असते. मी एकटाच मोठ्याने बोलत होतो, लोक बघत होते, बघू दे.

चार नंबर सापडेना. कागदावर त्याचा लहानसा फोटो होता. खांद्यावर कावड, कावडीच्या दोन टोपल्यांत भाजी, अनवाणी एक चिनी म्हातारा. गल्लीत तीन फेऱ्या मारल्या. वाटलं, चुकलो, आता घरी कसा जाणार. ज्या भिंतीवर तो असायला हवा होता ती कोरी होती, साईच्या रंगाची.

शेजारच्या दुकानातून माझ्या वयाचा एक चिनी माणूस बाहेर आला. त्याचं इंग्लिश माझ्याइतकंच, म्हणून एकमेकांचं बरोबर समजलं. नव्या भाडेकरूने गेल्या महिन्यात भिंत रंगवून टाकली. भाजीवाल्याचं चित्र दुकानासमोर शोभत नाही म्हणाला. मी नखाने रंग खरवडून पाहिला आणि सांगितलं, हे आता निघणार नाही. रंगावर थेट रंग मारलाय. काढायला गेलात तर खालचाही सुटेल.

त्याने विचारलं, नक्की?

मी म्हटलं, पन्नास वर्षं भिंती रंगवल्या आहेत. झाकायचंच होतं तर आधी कागद चिकटवायचा. मी तसंच केलं होतं.

हे तोंडातून निघून गेलं. जे पाद्रीबाबांनाही कधी सांगितलं नाही ते त्या अनोळखी माणसाला सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “मग ते अजून आत का आहे?”

त्याने चहा पाजला, स्टेशनपर्यंत सोडायला आला.

मानवेल, आयचं चित्र मी खरवडलं नाही.

तिच्या वर्षश्राद्धाच्या मिस्साआधी तू ते ओटीवर काढलंस. लाल लुगडं, अनवाणी पाय, डोक्यावर वालपापडीची पाटी. आत येणारा प्रत्येकजण थबकायचा. दोन महिन्यांनी फिलोमिनाचा साखरपुडा ठरला. मंडळी बांद्र्याची, आणि आय बांद्र्यालाच दारोदार भाजी विकायची. त्यांनी तिला ओळखलं तर काय, या भीतीने मला जेवण जाईना. तू मुंबईला बोर्ड रंगवायला गेला होतास. मी रंग खरवडायचा पत्रा हातात घेतला, भिंतीला लावला, पण तिच्या चेहऱ्यावर तो चालवता येईना. मग चिंचोक्याची खळ शिजवली, वर्तमानपत्रं चिकटवली, त्यावर चुन्याचे दोन हात दिले. तू परत आलास, ओरडलास, आणि रागात मी म्हटलं, हो, खरवडून टाकली. त्या एका वाक्यावर आपण दोघे एका छपराखाली बारा वर्षं अबोल राहिलो, आणि पुढची सहा मी इथे.

दरवर्षी ओटीला चुना मीच द्यायचो, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचो नाही. गाव मला चिक्कू म्हणायचं.

अजून एक. लग्नाच्या दिवशी फिलोमिनाची सासू मला म्हणाली, “लूसीबाई आमच्या दारी यायच्या. पाटी उतरवायला मीच हात द्यायचे. त्यांचा एखादा फोटो नाही का तुमच्याकडे?” मी नाही म्हटलं. आय माझ्या पाठीमागच्याच भिंतीत होती.

आता नीट ऐक. या कामात माझं चुकायचं नाही. कोमट पाणी घे, जाड फडकं घे. भिंत वरून खाली भिजव, अर्धा तास थांब, परत भिजव. पत्रा लावू नकोस. क्रूसाच्या खिळ्याजवळ कागदाचं टोक सुटेल, तिथून हलके ओढ. चेहऱ्यावर मी दुहेरी कागद लावलाय, तिथे घाई करू नकोस. तुझा ऑइलपेंट आहे, टिकला असेलच. मग फोटो काढ, भिंत पाडायची की ठेवायची ते तू ठरव. चित्र तुझं आहे.

फिलोमिनाला कालच सगळं सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, “पप्पा, लगेच पोस्ट करा.” आज रविवार, म्हणून उद्या टाकतो.

विमानाचं पत्र बारा दिवसांत पोचतं. चार महिने मी लावले, तू लावू नकोस. आयचा चेहरा पूर्ण निघाला की नाही, एवढंच लवकर कळव. शिव्या घालायच्या असतील तर त्याही त्याच पत्रात घाल, पण कळव.

वाट पाहणारा, तुझा थोरला भाऊ
जेकब