मंजुरीच्या चौकटीतली सही

अण्णा,

तुम्हाला लिहायला बसले आहे आणि दुपारपासून तीनदा उठले. एकदा शेगडी बंद आहे का बघायला, एकदा खिडकी लावायला, एकदा उगीचच. तुम्ही गेलात तेव्हा जेवढे होतात त्याहून मी आता मोठी आहे, तरी तुमच्यापुढे बसायचं म्हटलं की ही चुळबुळ सुरू होते. समोर एका ड्रॉइंगची जुनी प्रिंट पसरली आहे. तिची टोकं वर वळतात, म्हणून तीन कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्यात आणि चौथ्यावर आपल्या शोकेसमधला तो पितळी जॉब. ही प्रिंट तुम्ही ओळखाल. मला तिच्याबद्दलच लिहायचं आहे, पण सरळ तिथे यायचं धाडस होत नाही, म्हणून आधी मुलुंडच्या आपल्या स्वयंपाकघरात जाते.

घरात नीट उजेड यायचा तो फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीतून, म्हणून तुमचा ड्रॉइंग बोर्ड तिथेच, दोन स्टुलांवर. रविवारची सकाळ आहे, एका बाजूला आई पोळ्या लाटते आहे आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही कारखान्यातून आणलेलं काम उरकता आहात. "पीठ उडतंय इकडे," तुम्ही म्हणता. "मग खाऊ नका पोळ्या," आई म्हणते. भांडुपच्या कारखान्यात तुम्ही ट्रेसर होतात. दुसऱ्याने पेन्सिलीने काढलेलं ड्रॉइंग त्या निळसर, पातळ कापडावर शाईने उतरवायचं, एवढंच तुमचं काम, पण तुमच्यासारखी रेघ त्या ऑफिसात कुणाची नव्हती. प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली चौकटी असतात. काढलं कुणी, ट्रेस केलं कुणी, तपासलं कुणी, आणि सगळ्यांत शेवटी मंजूर केलं कुणी. तुमची आद्याक्षरं कायम दुसऱ्या चौकटीत. शेवटच्या चौकटीला डिग्री लागायची, आणि तुम्ही मॅट्रिक झाल्या झाल्या कामाला लागलेले. कॉलेजातून नवे आलेले इंजिनियर कागद सुलटा कसा धरायचा हे तुमच्याकडून शिकत आणि वर्षभरात तिथे सही ठोकू लागत. तुम्ही त्याबद्दल कधी कुरकुर केली नाहीत. फक्त मी नववीत असताना एकदा त्या शेवटच्या चौकटीवर बोट ठेवून म्हणालात, "ह्या घरात तुझी सही आली पाहिजे." ते बोट मला अजून दिसतं, नखाच्या कडेला शाई असलेलं.

त्याच बोर्डावर तुम्ही मला रेघ मारायला शिकवलंत. एकदा माझ्या हातून शाईचा ठिपका पडला. मी तो अर्ध्या ब्लेडने खरवडला, नखाने घोटून जागा गुळगुळीत केली आणि काही न बोलता कापड तुमच्यापुढे ठेवलं. तुम्ही ते उचलून खिडकीशी धरलंत. खरवडलेली जागा उजेडात लख्ख दिसत होती. "चूक झाली तर सांगायचं. लपवलेलं मला दिसतं," एवढंच म्हणालात आणि जेवायला बसलात. आवाज चढवला असतात तर बरं झालं असतं.

मग मी मेकॅनिकलला गेले. वर्गात मी एकटीच मुलगी. वर्कशॉपच्या पहिल्याच दिवशी तिथले सर म्हणाले, "बाई, पदर लेथमध्ये गेला तर निस्तरायचं कुणी? तुम्ही तिकडे लांब उभ्या राहा." मी राहिले लांब उभी. भांडले नाही, दुसऱ्या दिवशी पँट घालून गेले नाही, घरी येऊन तुम्हाला सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर तुम्ही तडक कॉलेजात गेला असतात, आणि मला तेच नको होतं. शेवटच्या वर्षी मी लेथवर केलेला एक पितळी जॉब, परीक्षेसाठी कातून आटे पाडलेला तुकडा, घरी आणला. तुम्ही त्याच्या आट्यांवरून नख फिरवलंत, उजेडात धरलात, म्हणालात, "बरा झालाय," आणि शोकेसमध्ये माझ्या शाळेतल्या कपाच्या शेजारी ठेवलात. तुमच्या तोंडून "बरा" म्हणजे काय असतं ते मला ठाऊक होतं. त्या जॉबबद्दल पुढे लिहीन, जमलं तर.

लग्न झालं आणि वर्षभरात मी पश्चिम जर्मनीत आले. तुमचे जावई इथे रंगांच्या कारखान्यात केमिस्ट होते. मलाही एका मशीनच्या कंपनीत नोकरी मिळाली, पण ड्राफ्ट्समनची. म्हटलं चार-सहा महिने काढू, मग डिग्री दाखवू. नेमका त्याच सुमारास इथे कायदा झाला, की स्वतःला इंजिनियर म्हणवायचं असेल तर परदेशातल्या डिग्रीला आधी सरकारची मान्यता हवी. माझ्या शेजारच्या बोर्डावर हॉलंडचा एक जण होता. त्याच्या कॉलेजचं नाव इथल्या यादीत होतं, त्याचे कागद बघता बघता मंजूर होऊन आले. युरोपातले देश तेव्हा एकमेकांच्या पदव्या जुळवून बघत होते, कुणाची पदवी कुणाच्या बरोबरीची ते ठरवत होते. त्या याद्यांत मुंबईचं नाव मी शोधलं. नव्हतंच. मग मला कचेरीत बोलावलं. टेबलापलीकडची बाई सभ्य होती, माझं सर्टिफिकेट तिने दोन्ही हातांनी धरलं होतं. कुठला विषय किती तास, असं एकेक विचारत गेली. गणित ठीक, बाकीचं ठीक. शेवटी म्हणाली, "आमच्याकडे मुलं कॉलेजच्या आधी कारखान्यात मशीनवर उभी राहतात, रोजच्या कामाची वही लिहितात. तुम्ही सहा महिने असं काम केल्याचा कागद आणा. मग ही पदवी आमच्या बरोबरीची धरता येईल." म्हणजे सगळं एका कागदावर अडलं होतं.

मी तुम्हाला लिहिलं. साकीनाक्याला तुमचे जुने टर्नर मित्र होते, भांडुपची नोकरी सोडून तीन लेथ टाकून बसलेले. त्यांच्या लेटरहेडवर मी तिथे सहा महिने काम केल्याचं लिहून घ्या आणि लगेच पाठवा, अशी मी तुम्हाला जवळजवळ ऑर्डरच सोडली. तुमचं उत्तर आलं, त्या छापल्यासारख्या अक्षरात. "तो एका मिनिटात लिहून देईल. पण तू तिथे एक दिवसही नव्हतीस. त्याने पाहिलं नाही ते त्याने लिहायचं आणि मी ते पोस्टात टाकायचं, हे मला जमणार नाही. तू सहा महिने इथे ये. एक लेथ रिकामा ठेवायला सांगतो. खरं काम कर आणि खरा कागद घेऊन जा."

मी भडकले. संसार आणि नोकरी सोडून साकीनाक्याला लोखंडाच्या चुऱ्यात जाऊन उभी राहू? जिथे जो तो डोळे मिटून सह्या करतो तिथे माझ्याच बापाला नेमकं खरं-खोटं आठवावं? त्या रागात मी लिहून टाकलं, की आता त्या कागदाची गरज नाही, डिग्री मंजूर झाली, माझी सही शेवटच्या चौकटीत असते. पंधरा दिवसांनी आईचं पत्र आलं. "ह्यांनी सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटले. ऑफिसातही डबा भरून नेले." ते पेढे मी खाल्ले नाहीत, तरी मला अजून पचलेले नाहीत. तेव्हाच लिहायला हवं होतं, मी खोटं बोलले म्हणून. चार वेळा पत्र लिहिलं आणि चार वेळा फाडलं.

आणि मग तुम्ही प्रिंट मागितलीत. "तुझी सही असलेली एखादी पाठव, ऑफिसात दाखवतो." मी आमच्या ऑफिसातून माझ्याच ड्रॉइंगची एक बाद प्रिंट उचलली, मंजुरीची चौकट कोरी असलेली, आणि तिच्यात पेनने सही केली. पाकीट टपालपेटीत पडलं आणि हात अजून पेटीच्या तोंडाशीच असताना डोक्यात उजेड पडला. प्रिंट म्हणजे मूळ कागदाची नक्कल. सही खरी असती तर ती मूळ कागदावर झाली असती आणि प्रिंटवर बाकीच्या रेघांसारखीच जांभळट उमटली असती. माझी होती पेनाची, निळी, वरून ठेवलेली. ही लबाडी इतर कुणालाही कळली नसती. पण मी ती पाठवली होती जन्मभर ट्रेसिंग केलेल्या माणसाला. तुमचं उत्तर दोन ओळींचं होतं. "प्रिंट पोचली. रेघ चांगली आहे. तब्येतीला जप." सहीबद्दल अक्षर नाही. तुमच्या चष्म्याचा नंबर वाढला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पुढच्याच वर्षी तार आली. मी मुलुंडला पोचले तेव्हा तुमचे दिवसवार होऊन गेले होते. आईने तुमची ट्रंक उघडली आणि ब्राऊन पेपरातलं एक गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं. आत मशीनवर काम करताना घालतात तो निळा बॉयलर सूट होता, नवा कोरा, माझ्या मापाचा. आई म्हणाली, "तुझा तो नकाशा आला ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी स्टेशनजवळच्या शिंप्याकडे गेले. मापाला तुझे जुने कपडे नेले होते. मी म्हटलं, तिला कशाला हे पुरुषांचं सोंग? तर म्हणाले, लागेल तिला." मी तारीख परत परत विचारली. "नकाशा आल्यावरच ना, आई? आधी नाही?" "आल्यावरच गं. किती वेळा सांगू?"

मी साकीनाक्याला गेले. तुमचे मित्र हात पुसत बाहेर आले. "काय गो, आता आलीस?" म्हणाले. मग आत नेऊन दाराजवळचा एक लेथ दाखवला, तेल लावून झाकून ठेवलेला. "तुझे वडील दर शनिवारी कामावरून सुटले की इथे. हात लावून बघायचे आणि विचारायचे, रिकामा आहे ना रे? मी म्हणायचो, अरे यार, गिऱ्हाईक खोळंबलंय, किती दिवस अडवून ठेवू? तर म्हणायचे, थांब थोडं, ती येईल." आणि मग अगदी सहज म्हणाले, "अजून रिकामाच आहे. उद्यापासून उभी राहा. सहा महिन्यांत झकास टर्नर करतो तुला." मी म्हणाले, माझं परतीचं तिकीट पुढच्या आठवड्याचं आहे. ते "बरं" म्हणाले आणि त्यांनी चहा सांगितला. त्या चहाला नाही म्हणायलाही मला तोंड नव्हतं.

बॉयलर सूटच्या घडीत ही प्रिंट होती. तपासणाऱ्याची पद्धत असते, बरोबर असेल त्यावर पिवळी पेन्सिल आणि चूक असेल तिथे लाल गोल. ते काम तुम्हाला ऑफिसात कधी कुणी दिलं नाही. माझ्या ड्रॉइंगवर तुम्ही ते केलंत. प्रत्येक मापावर पिवळं आहे. एका ठिकाणी भोकांच्या अंतरांची बेरीज जमत नव्हती, तिथे लाल गोल, आणि ती बेरीज खरोखरच चुकली होती, ते ड्रॉइंग बाद झालं होतं ते त्यामुळेच. काढणाऱ्याच्या चौकटीत माझी जांभळट आद्याक्षरं, त्यांच्यावरही पिवळं. मंजुरीच्या चौकटीवर मात्र काहीच नाही. पिवळं नाही आणि लालही नाही. तुम्हाला दिसलं होतं, अण्णा. मी सांगेन म्हणून तुम्ही ती जागा सोडलीत, आणि मी येईन म्हणून लेथ अडवून ठेवलात.

मी परत अर्ज केला नाही. कचेरीतल्या त्या बाईच्या खुर्चीत दुसरं कुणी आलं, कायदे बदलले, याद्या लांबल्या, पुढे आपल्याकडच्या मुलांचे कागदही मंजूर व्हायला लागले. मी निवृत्त होईपर्यंत पहिल्याच चौकटीत सही करत राहिले. काम चांगलं केलं, रेघ तुमचीच होती. पण नव्या आलेल्या कुणाचीही सही शेवटच्या चौकटीत पडली की मी उठून पाणी प्यायला जायचे. ते उठणं अजून गेलेलं नाही.

आत्ता चौथ्यांदा उठले ती लाल पेन्सिल आणायला. माझ्या त्या निळ्या सहीभोवती गोल केला. गोल नीट मिटला नाही. हे पत्र आता प्रिंटच्या घडीत जाईल, बॉयलर सूटच्या खिशात. सूट मी एकदाच घातला होता, आरशापुढे, दार लावून. बरोबर बसतो.

आणि तो जॉब. तो मी केलेला नाही, अण्णा. वर्गातल्या घाटकोपरच्या एका मुलाला आकृत्या काढायचा कंटाळा होता. मी त्याचं जर्नल पुरं केलं आणि त्याने माझा जॉब करून दिला. तुम्ही "बरा झालाय" म्हणालात ते त्याला.