जन्माने नागरिक

बाई, तुम्ही शिकवलेली स्पॅनिश मी आता कशासाठी वापरते हे तुम्हाला कळलं असतं, तर तुम्ही चष्मा पुसत म्हणाला असतात, "वा. यासाठी मी घसा कोरडा केला!" हिंजवडीतल्या आमच्या कंपनीत अमेरिकेतल्या निवडणुकीची पत्रकं येतात. तिथल्या स्पॅनिश बोलणाऱ्या मतदारांवर दोन्ही पक्षांचा डोळा आहे. दोन्हींच्या टीम वेगळ्या, अनुवाद करणारी मी मात्र एकच. सकाळी एका पक्षाच्या वतीने त्यांना आपलं म्हणते, जेवणानंतर दुसऱ्याच्या.

तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आमचा वर्ग भरायचा. बुधवार पेठेतून आणलेला जुना शब्दकोश तुम्ही मला दिलात, तो तिथेच. एकदा मी अमेरिकेतली स्पॅनिश बोलणारी सगळी माणसं सारखीच असतील असं म्हणाले, तेव्हा तुम्ही केवढ्या चिडला होतात. "पोर्तोरिकोचा माणूस जन्मानेच अमेरिकेचा नागरिक असतो. मेक्सिकोहून आलेल्याची गोष्ट त्याला चिकटवू नकोस."

त्याच वर्षी महापालिकेची निवडणूक होती. दोन उमेदवारांनी एकाच आठवड्यात आपल्या इमारतीत हळदीकुंकू ठेवलं. वाण म्हणून एकाचा स्टीलचा डबा, तर दुसऱ्याची कढई. पहिल्याचा कार्यकर्ता मला म्हणाला, "ताई, एकही बाई सुटता कामा नये, घरोघर तुम्हीच सांगा." आई म्हणाली, "बाईंकडे नको जाऊस गं. त्यांचे यजमान गेलेत, उगाच जिवाला लागेल." मी तुमच्या दारापाशी थांबले. आत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मी बेल न वाजवता वरच्या मजल्यावर गेले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, "काल खाली मतं मागायला आले होते म्हणे?"

"हो. तुम्ही घरी नव्हतात."

"दिवसभर घरीच होते मी." तुम्ही पुस्तक उघडलंत. "मतदार यादीत आहे हो माझं नाव. हळदीकुंकवाच्या यादीत नसेल." मग धडा सुरू केलात, आवाज जराही न चढवता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परवा दोन्ही पक्षांची पत्रकं आली, पोर्तोरिकोच्या लोकांच्या वस्तीत वाटायची. दोन्हींत पहिलंच वाक्य: तुम्ही सीमा ओलांडून या देशात आलात. एक म्हणतो, म्हणून आम्हाला तुमचा आदर आहे. दुसरा म्हणतो, म्हणून कायद्याची किंमत तुम्हालाच ठाऊक. मी साहेबांच्या टेबलापाशी गेले. ते म्हणाले, "काही प्रॉब्लेम आहे का? क्लायंट वाट बघतोय." मी म्हटलं, "नाही, झालंच आहे." जागेवर येऊन दोन्ही पाठवून दिली.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तेव्हा इथे खरं लिहिते. चूक मला दिसत होती, बाई. तुमच्या दारासमोरही दिसत होती.